उपरण्याखाली

नांदेडच्या मोंढ्यात ज्वारीच्या पोत्यांना खेटून दोन माणसं एकमेकांचा हात धरून उभी होती, आणि त्या हातांवर एक मळकट उपरणं टाकलेलं होतं. एवढंच. कचेरीकडे निघालेला बसवराज छत्री तशीच उघडी धरून रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून बैलगाडीवाल्यानं "ओ साब, बाजूला व्हा की," म्हणून आवाज दिला, तेव्हा तो दचकून कडेला झाला, पण नजर काही उपरण्यावरून हलेना. कापड एका जागी किंचित वर होत होतं, खाली बसत होतं, परत वर होत होतं. दोघांचे चेहरे कोरे होते. एकजण तर चक्क आकाशाकडे बघत होता. परक्या मुलखातल्या माणसाला हे बघून हसू आलं असतं. पण बसवराज अडत्याचा मुलगा होता, लातूरच्या शिवलिंगप्पांचा. उपरण्याखाली बोटं बोलतात हे त्याला भाकरी खाता येण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. खरेदीदार शेतकऱ्याच्या वतीनं माल विकणाऱ्या अडत्याची बोटं दाबतो, अडत्या मान हलवतो किंवा हात सोडतो, आणि जमलं की अडत्या मोठ्यानं भाव बोलतो. ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून फक्त कापडाकडे बघत असतो. इथंही तो होता. डोक्याला पटका, हातात बैलाची वेसण, आणि डोळे त्या फडक्यावर खिळलेले. येत्या बाजाराच्या दिवशी लातूरला त्यालाच हात घालायचा होता. अप्पांच्या, वडिलांच्या, जागेवर बसून, अप्पांच्या उपरण्याखाली.

कचेरीत दिवसभर त्याच्या लेखणीतून उर्दू अक्षरं उतरत राहिली, आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर आपली आपणच हलत राहिली. पेशकारसाहेबांनी विचारलं, तबियत ठीक नाही का. वडील गेल्याला महिनाही झाला नव्हता, त्यामुळे कुणी जास्त बोललं नाही. दुःखाची एक सोय असते, माणसाला काहीही झालं तरी लोक तेच कारण धरून चालतात. बसवराजला दुःख होतंच. पण गेले कित्येक दिवस त्याच्या उरात जे बसलं होतं ते दुःख नव्हतं, ती भीती होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. ज्या माणसाच्या मयतीला सगळा गंज, लातूरचा धान्यबाजार, बंद राहिला, ज्याला समाधी द्यायला औशापासून गाड्या जुंपून माणसं आली, पठाण हमालांनी ज्याच्यासाठी आपल्या हातानं खड्डा खणला, त्या माणसाचा स्वच्छपणा आपल्याला तपासावा लागणार, असं त्याच्या मुलाला वाटत होतं. हे कुणाला सांगायचं? आणि तपासणार कशानं, तर हाताच्या तळव्यानं.

अप्पा कसे होते म्हणून कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे त्यानं मनाशी अनेकदा घोळवून पाहिलं होतं, आणि दर वेळी जेवणापाशीच येऊन थांबला होता. थंडीच्या दिवसांत अप्पा सगळ्या पोरांना एका घोंगडीत घेऊन ताटावर बसायचे. अव्वा, त्याची आई, चुलीपासून विचारायची, कुणाला किती भाकरी. बोलायचं नाही असा नियम. घोंगडीखाली अप्पांचा हात धरायचा आणि बोटं दाबायची. एक बोट, दोन बोटं, अर्धी हवी असेल तर बोटाचं पेर. अप्पा मग गंजात भाव बोलावा तशा खणखणीत आवाजात पुकारायचे, "नागम्माबाई दीड! बसवराज पंत दोन!" आणि अव्वा हसून म्हणायची, "पोरास्नी जेवू घालायलाव का सौदा करायलाव?" त्यांचा हात रुंद होता, कोरडा, हळदीच्या आणि करडीच्या धुळीच्या वासाचा. कुणा पोराला ताप आला तर तो हात रात्रभर कपाळावर असायचा. अप्पा विजेला भ्यायचे, पाऊस गडगडला की गल्ल्यावरून उठून घरात यायचे आणि काहीतरी विचारायला आल्यासारखं करायचे. जमादाराशी दखनीत बोलत, उदगीरकडच्या व्यापाऱ्याशी कानडीत, शेतकऱ्याशी त्याच्या गावच्या बोलीत. चतुराबाई नावाची औशाकडची एक विधवा शेतकरीण होती, तिला पंचमीला न चुकता लुगडं-चोळी करायचे, आणि ती बाजाराला आली की आधी अव्वाच्या हातचं पाणी प्यायची आणि मग पोती उतरवायची. अशा माणसाबद्दल शंका घ्यायला काहीतरी मोठं कारण हवं. बसवराजपाशी होती ती फक्त एक चापट.

अगदी लहान होता तेव्हा. अप्पांच्या मांडीवर बसून सौदा बघत होता. घोंगडीखालचा खेळ आणि हा खेळ एकच, असा त्याचा समज. त्यानं हळूच आपला हात उपरण्याखाली सारला. अप्पांची बोटं ओळखीची होती, त्यांना धरलेली दुसरी बोटं परकी, घामट. त्या परक्या हाताचा अंगठा अप्पांच्या तळव्यावर नखानं एक रेघ ओढत होता. बोट न दाबता नुसती रेघ. हे भाकरीच्या खेळात नव्हतं. बसवराज खिदळला आणि म्हणाला, "अप्पा, हा गुदगुल्या करतोय." आणि त्याच क्षणी, चारचौघांत, त्याच्या गालावर अप्पांचा हात बसला. आयुष्यात पहिला आणि शेवटचा. त्या संध्याकाळी अप्पांनी जिलबी आणली, स्वतःच्या हातानं भरवली, आणि स्वतः मात्र जेवले नाहीत. पोरानं धंद्याच्या मधे हात घातला म्हणून बापानं मारलं, यात अवघड काय होतं? काहीच नाही. पुढं हैद्राबादेत शिकायला गेला, नांदेडच्या तहसील कचेरीत लागला, लोकांना सांगितलं की मला लिहिण्यावाचण्याची आवड, मला तागडी जमायची नाही. अप्पांनीही कधी गादीवर बस म्हणून धरलं नाही. हे मात्र त्याला आता नवल वाटत होतं. एकुलता एक मुलगा, आणि अडत्या बाप त्याला एकदाही बस म्हणत नाही, असं लातूरला दुसरं घर नसेल.

घरी शिवकांतानं, त्याच्या बायकोनं, बोचकं बांधून ठेवलं होतं. तो म्हणाला, "मेहुण्यांनी हात घातला तर नाही का चालणार? पुढं अडत तेच बघणार आहेत." ती त्याच्याकडे बघतच राहिली. "रीत हाय ती. पयला हात लेकाचा. तुमी न घातला तर लोक काय म्हनतील, अप्पांच्या मागं कुनी न्हाई? एकदा तर घालायचाय. मग या की माघारी." त्यानं म्हटलं, "मला भीती वाटते." हे तो खरंच बोलला. पण तिला वेगळंच वाटलं. ती जवळ येऊन म्हणाली, "इसरला असाल बोटं म्हनून? ह्ये बगा, धरा माझा हात." आणि तिनं पदराखाली त्याचा हात घेतला. सासऱ्यानं तिलाही शिकवलं होतं. तिची दोन बोटं त्यानं दाबली, ती हसून म्हणाली, "दोन! आलं की." त्याला रडूच यायला लागलं, आणि तिला वाटलं, अप्पांच्या आठवणीनं. तेही खोटं नव्हतं.

परळीची गाडी, मग लातूर रोडला उतरून मोटार. मोटारीत शेजारी बसलेल्या एका पाहुण्यानं नाव-गाव विचारलं आणि शिवलिंगप्पांचं नाव निघताच सबंध मोटार बोलू लागली. कुणाच्या बहिणीच्या लग्नात अप्पांनी मांडवापासून सगळं स्वतः उभं राहून केलं होतं. कुणाच्या बैलाला दवा पोचती केली होती. पुढच्या बाकावरचा एक दाढीवाला म्हातारा मान न वळवता म्हणाला, "फरिश्ता आदमी था." बसवराज प्रत्येकाला हात जोडत होता, आणि मनात कुणीतरी नखानं रेघ ओढत होतं. बाहेर करडी निघालेली रानं मोकळी पडली होती. जर्मनीच्या लढाईमुळे भाव चढले-पडले की आधी तेलबियांचे, हे मोटारीतलं पोरसुद्धा सांगत होतं. त्याला वाटलं, इथंच उतरावं, चालत माघारी जावं. काहीही न तपासता आयुष्यभर अप्पांवर प्रेम करता येईल की. किती लोक करतात. पण तोच विचार त्याला लाजिरवाणा वाटला, कारण ज्याच्याबद्दल खात्री असते त्याच्यासाठी माणूस मोटारीतून उतरायचं म्हणत नाही. म्हणजे खात्री नव्हतीच. कधीपासून नव्हती? चापटीपासून? की आपण नांदेड गाठलं ते यासाठीच? मोटार गंजातल्या गोलाईजवळ, त्या गोल पेठेपाशी, थांबली, तेव्हा तो बोचकं घेऊन उतरला.

अव्वा उंबऱ्यात उभी होती. कपाळावर विभूतीचे पट्टे, कुंकवाची जागा मोकळी. ती रडली नाही. "आलास? तोंड धू. आज लई माल आलाय," एवढंच म्हणाली. मठाचे स्वामी येऊन गेले होते, गादीवर नवी चादर होती आणि उशाला अप्पांचं उपरणं घडी करून ठेवलेलं. अडतीच्या ओट्यापुढं गाड्याच गाड्या लागल्या होत्या. इतके दिवस दुसऱ्या अडतीत न जाता माल घरात दाबून ठेवलेले लोक. अप्पांचं दार उघडेपर्यंत थांबू, म्हणून थांबलेले. सगळ्यांत पुढं चतुराबाई, आपल्या करडीच्या पोत्यांना पाठ लावून बसलेली. रीतीप्रमाणे पहिला माल तिचा, कारण अप्पांच्या अडतीतली सगळ्यांत जुनी शेतकरीण ती. आणि पहिला हात रेणुकादासशेठचा, कारण अप्पांचा शेवटचा सौदा त्यांच्याशी झाला होता. हे शेठ सोलापूरच्या तेलगिरण्यांसाठी खरेदी करायचे. किडकिडीत, अदबशीर, समाधीच्या दिवशी ढसाढसा रडलेले. बसवराज गादीवर बसला तेव्हा त्यांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. अप्पांचंच रक्त आहे तुम्ही."

त्यानं उपरणं उलगडलं. अप्पांचा वास आला, हळद, करडी आणि थोडं अत्तर. त्याला एकदम वाटलं की आपण मूर्ख आहोत, शहाणपणाच्या नादात बापाची माती उकरत बसलो आहोत, आता हा हात येईल, बोटं दाबेल आणि झालं. ओट्याखालची माणसं पुढं सरकली. दारामागं अव्वाची सावली होती. रेणुकादासांचा हात उपरण्याखाली आला, थंड, नम्र. त्यांनी त्याची बोटं धरली. आधी दहांची. मग वरच्या सुट्या रुपयांची. भाव कळला. स्पष्ट, भाकऱ्यांइतका स्पष्ट. चांगला भाव होता, त्याच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ चांगला. त्याचा श्वास मोकळा झाला. तो हात सोडवून घेणार, तोच शेठचा अंगठा वळला आणि नखानं त्याच्या तळव्यावर हळूच एक रेघ ओढली.

बसवराज बसल्या जागी लहान झाला. शेठ सांत्वन करावं तसे पुढं झुकले आणि त्याच्या कानाशी अगदी मायेनं म्हणाले, "अप्पांच्या शेवटच्या सौद्यातही हाच भाव होता. बोलायचा मात्र कमी. गिरणी पुरा भाव देते, वरचं तुमचं-आमचं निम्मंनिम्मं. अप्पांचं असंच चालायचं, तुम्हाला सांगितलं असेलच." त्यात कपट नव्हतं. जुन्या मित्राच्या मुलाला घरची वहिवाट समजावून द्यावी, तसा तो आवाज होता.

म्हणजे हे असं. त्याला वाटलं होतं की काहीतरी कोसळेल, कानात आवाज होईल. तसं काही झालं नाही. उलट अप्पा त्याला कधी नव्हे इतके लख्ख दिसले, ताटावर बसलेले, घोंगडीत पोरं घेतलेले, दीड भाकरी पुकारणारे. तो हात चोरटा होता. तोच हात त्याच्या तापल्या कपाळावर रात्रभर होता. पंचमीची लुगडं-चोळी चतुराबाईच्याच करडीतून आलेली होती, आणि ती देताना अप्पांचे डोळे पाणावायचे तेही खरं होतं, ते नाटक करणाऱ्यातले नव्हते. त्याला अप्पांचा राग आला, इतका की समोर असते तर ओरडला असता, आणि ते समोर नाहीत म्हणून छाती फुटायला आली. आपलं शिक्षण, नांदेडचं घर, अंगावरचा हा कोट, सगळ्यावर ती रेघ होती. म्हणून कधी बस म्हणाले नाहीत. मला तेवढं स्वच्छ ठेवलं आणि स्वतः वर्षानुवर्षं एकटे त्या कापडाखाली बसले. की हेही मीच त्यांच्यासाठी रचतोय, मुलगा म्हणून? चतुराबाई उपरण्याकडे टक लावून बघत होती. तिच्या डोळ्यांत भावाची काळजीसुद्धा नव्हती. पोराला जमतंय ना, एवढीच काळजी होती. ते त्याला सोसवेना. काही ठरवायच्या आत त्याचं तोंड उघडलं आणि त्यानं बोटांनी सांगितलेला होता तेवढा, पुरा भाव खणखणीत आवाजात बोलून टाकला.

उपरण्याखाली रेणुकादासांचा हात निपचित झाला. मग ओट्याखालून कुणीतरी "आं?" केलं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या. चतुराबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"किती म्हनलास रं बाबा?"

त्यानं परत सांगितला. आवाज या वेळी खाली गेला होता.

"आन अप्पांच्या शेवटल्या बाजारी? माज्या दिरानं घातली की हितंच करडी. येकाच रानातली, ह्योच माल. तवा तर अप्पांनी..." ती थांबली. ती बाई हिशेबाला कच्ची नव्हती. तिच्या कपाळाला आठी पडली आणि नजर उपरण्यावरून बसवराजच्या तोंडाकडे, तिथून शेठच्या तोंडाकडे गेली. मागं उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. दारामागची सावली एकदम आत सरकली, आणि त्यावरून बसवराजला कळलं की अव्वाला सगळं ठाऊक आहे, पहिल्यापासून ठाऊक होतं. आता चतुराबाईचं पुढचं वाक्य आलं की संपलं. अप्पा दुसऱ्यांदा मरतील, आणि या वेळी समाधी द्यायला कुणी येणार नाही. एवढ्या सगळ्या लोकांसमोर, स्वतःच्या गादीवर, स्वतःच्या पोराच्या हातून. आपण खरं बोललो होतो. त्या खऱ्याचा त्याला आता शिसारी यावी इतका धाक वाटला.

"आज चढला," तो म्हणाला.

"आज?"

"आजच. सकाळी सोलापूरहून तार आली. लढाईमुळं." शब्द किती सहज येत होते. नखानं ओढल्यासारखे. "त्या बाजारी अप्पांनी होता तो भाव दिला. आज हा आहे." आणि त्यानं उपरण्याखाली रेणुकादासांचा हात घट्ट, दुखेल इतका घट्ट दाबला.

शेठनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागाच्या मागं एक नवीनच अदब, जी सकाळी नव्हती. "हो," ते घसा साफ करून म्हणाले. "तार आली खरी."

चतुराबाईच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. तिनं पदर तोंडाला लावला आणि मटकन पोत्यावर बसली. "आसं हाय व्हय," ती म्हणाली, "आसं हाय व्हय माय." मागच्या माणसांत खसखस पिकली, कुणीतरी हसलं, कुणी बैल सोडायला धावलं, एकानं "पोराचा पायगुण बगा!" म्हणून आरोळी ठोकली. ती मात्र रडतच होती. "जरा थांबायचं हुतं की त्या मानसानं. हाय का न्हाई? आपल्या तोंडानं आमाला ह्यो भाव बोलला आसता, तर किती आनंद झाला आसता त्याला. जल्मभर आमच्यासाटी झिजला, आन बरा भाव आला तवा ऐकायला न्हाई राहिला."

"हो," बसवराज म्हणाला. "फार आनंद झाला असता."

रेणुकादासांनी हात सोडवून घेतला आणि उठून ते ओट्यावरून खाली उतरले. उपरणं बसवराजच्या रिकाम्या हातावर पडून राहिलं. पुढच्या बाजारी हाच भाव लागेल, त्याच्या पुढच्या बाजारीही, आणि तो लावायला मेहुण्यांना बसवून चालणार नाही, आपल्यालाच बसावं लागणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. आतून अव्वानं बांगड्या नसलेल्या हातांनी भांडी हलवल्याचा आवाज आला. ओट्यासमोरून एक शेतकरी नवा भाव ओरडत पळत गेला, त्याच्या मागं दुसरा. तो भाव एका अडतीतून दुसऱ्या अडतीत, सगळ्या गोलाईभर फिरत चालला. लोक आपापल्या अडत्यांना धरून जाब विचारू लागले. दुसरी गाडी ओट्याला लागली, हमालांनी पहिलं पोतं पाठीवर घेतलं, आणि बसवराज कान देऊन ऐकत बसला. कारण समोरच्या अडतीच्या पायरीवर उभं राहून कुणीतरी मोठ्यानं विचारत होतं, तार आली तरी कुणाला, जरा दाखवा म्हणावं.